चौदावा लुई: "राज्य म्हणजे मी" आणि त्याच्या नावावरची बाकीची वाक्यं, खरी किती?

दौत-टाक (धागाकर्ता)

फ्रेंच राज्यक्रांतीवरचं मराठी लेखन बरेचदा चौदाव्या लुईच्या "राज्य म्हणजे मी" या वाक्याने सुरू होतं. प्रसंगही ठरलेला: १३ एप्रिल १६५५, सोळा वर्षांचा राजा शिकारीच्या वेषात, हातात चाबूक घेऊन पॅरिसच्या पार्लमाँमध्ये शिरतो आणि न्यायाधीशांना हे सुनावतो. अनियंत्रित राजेशाही एका ओळीत समजावायला सोयीचं, म्हणून परीक्षेच्या उत्तरांतही ते हमखास येतं.

माझं मत असं की हे वाक्य त्याचं नाही, आणि त्याच्यामुळे त्याने खरोखर लिहिलेली-बोललेली वाक्यं झाकली गेली आहेत. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. एक, त्या दिवशी पार्लमाँमध्ये नेमकं काय झालं? दोन, त्याच्या नावावरच्या वाक्यांपैकी कोणती समकालीन नोंदीत सापडतात? तीन, ७२ वर्षं गादीवर असलेल्या या माणसाची सत्ता रोजच्या कारभारात कशी चालायची आणि कुठे अडायची? तारखा आणि नावं देऊन लिहिलंत तर धागा उपयोगी पडेल.

आडवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पार्लमाँ म्हणजे संसद नव्हे, ते उच्च न्यायालय. पण राजाचा फतवा कायदा म्हणून लागू व्हायचा तर तो पार्लमाँच्या दप्तरात नोंदवावा लागे. न्यायाधीशांना पटलं नाही की ते नोंदणी थांबवून लेखी हरकत पाठवत. राजाला ती मान्य नसेल तर तो स्वतः येऊन गादीवर बसे, चॅन्सेलर (राजाचा मुख्य न्यायाधिकारी) नावापुरती मतं गोळा करी आणि फतवा राजासमोर नोंदवला जाई.

मार्च १६५५ मध्ये हेच झालं. युद्धाच्या खर्चासाठी काढलेले कराचे फतवे राजाने स्वतः हजर राहून नोंदवून घेतले. राजाची पाठ फिरताच न्यायाधीशांनी त्यांवर पुन्हा चर्चा करायला बैठका सुरू केल्या. म्हणून १३ एप्रिलला तो व्हँसेनहून शिकारीच्या कपड्यांतच आला. तिथलं त्याचं बोलणं जेमतेम चार-पाच वाक्यांचं होतं. आशय असा: तुमच्या बैठकांमधून कोणती संकटं निपजली ते सगळ्यांना ठाऊक आहे, ती मला पुढे टाळायची आहेत, मी नोंदवलेल्या फतव्यांवरच्या बैठका बंद करा. मग मुख्य न्यायाधीशांकडे वळून, अशा बैठका तुम्ही होऊ द्यायच्या नाहीत आणि बाकीच्यांनी मागायच्या नाहीत, असा हुकूम. एवढं बोलून तो निघून गेला.

"राज्य म्हणजे मी" यात कुठेच नाही. चाबूक आला तो व्हॉल्तेअरच्या १७५१ च्या इतिहासातून, म्हणजे घटनेनंतर ९६ वर्षांनी. आणि व्हॉल्तेअरकडेही ते वाक्य नाही! ते लेमोंते या लेखकाने १८१८ मध्ये छापलं. तोपर्यंत राज्यक्रांती होऊन गेली होती आणि जुन्या राजवटीला एका वाक्यात पकडणारं काहीतरी लोकांना हवंच होतं.

निळावंती

आडवाट यांच्या प्रतिसादाला +१. "संकटं" म्हणजे फ्राँदचं बंड, १६४८ ते १६५३. त्याची सुरुवातच पार्लमाँच्या बैठकांनी झाली होती. जानेवारी १६४९ मध्ये दहा वर्षांच्या लुईला रात्रीत पॅरिसमधून सँ-जर्मँला हलवावं लागलं. फेब्रुवारी १६५१ मध्ये राजा पुन्हा पळाला की काय हे पाहायला जमाव राजवाड्यात शिरला आणि लोक त्याच्या बिछान्यापाशी जाऊन खात्री करून गेले. ही पार्श्वभूमी नसेल तर सोळा वर्षांच्या मुलाचा तो राग समजत नाही.

आता दुसरा प्रश्न. त्याचे स्वतःचे शब्द कुठे सापडतात?

सगळ्यांत भक्कम म्हणजे युवराजासाठी लिहून घेतलेल्या आठवणी. १६६० च्या दशकातल्या काही वर्षांपुरत्याच आहेत. मजकूर घडवायला पेरिन्यी आणि पेलिसाँ हे दोघे होते, पण टिपणं आणि दुरुस्त्या राजाच्या. १७१४ मध्ये तो जुने कागद जाळत होता, तेव्हा द नोआय याने हे हस्तलिखित मागून घेतलं म्हणून वाचलं. त्यात हे वाक्य आहे: "राज्य करायचं ते कामाने, आणि राज्य करायचं तेही कामासाठीच." पुढे तो मुलाला बजावतो की काम न करता राज्य करू पाहणं हा देवाशी कृतघ्नपणा आणि प्रजेवर अन्याय आहे.

दुसरा दस्तऐवज १६७९ चा, राजाच्या पेशाविषयीचं छोटं टिपण. परराष्ट्रमंत्री पोंपोन याला काढल्यावर लिहिलेलं. त्यात: "राज्याचं हित सर्वांत आधी." आणि थोडं पुढे: "राज्य डोळ्यांसमोर ठेवलं की माणूस स्वतःसाठीच काम करत असतो, एकाचं भलं ते दुसऱ्याचं वैभव." त्यातच येतं ते प्रसिद्ध वाक्य, की राजाचा पेशा थोर, उदात्त आणि आनंदाचा आहे, अट एवढीच की अंगावर घेतलेलं सगळं नीट पार पाडण्याची धमक स्वतःत जाणवली पाहिजे.

म्हणजे राज्य आणि आपण यांच्यात तो नातं सांगतो, पण दोन्ही एकच म्हणत नाही. "राज्य म्हणजे मी" म्हणणारा माणूस "राज्याचं हित आधी" कशाला लिहील?

चावडीकर

१० मार्च १६६१ विसरू नका. आदल्या दिवशी मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ वारला. लुईने मंत्र्यांना आणि सचिवांना बोलावून सांगितलं की आजवर कार्डिनलकडे कारभार सोपवला होता, आता मी स्वतः पाहणार. मी मागेन तेव्हा सल्ला द्या. माझ्या हुकमाशिवाय कशावरही सही करायची नाही, साध्या परवान्यावरही नाही. सचिव ब्रिएन तिथे हजर होता, त्यानेच हे लिहून ठेवलंय. राजा तेव्हा २२ वर्षांचा. दरबारात बहुतेकांना वाटलं, नव्याचे नऊ दिवस. ते नऊ दिवस ५४ वर्षं चालले.

खडूफळा

वाक्य खरं की खोटं हे ठरवायची पद्धत सांगतो, म्हणजे प्रत्येक वाक्यावर नव्याने वाद नको.

आधी पाहायचं, नोंद कोणाची आणि तो तिथे होता का. दाँजोचा मार्की १६८४ पासून रोज डायरी लिहीत होता. कोरडी, पण त्याच दिवशीची. सँ-सिमाँ दरबारात होता, पण त्याने आठवणींचं पक्कं लेखन १७३९ नंतर केलं, दाँजोची डायरी समोर ठेवून. राजावर त्याचा राग होता, त्यामुळे त्याने राजाच्या तोंडी घातलेलं कडू वाक्य जपून घ्यावं आणि त्याने केलेली स्तुती बिनधास्त घ्यावी. व्हॉल्तेअर १६९४ चा. त्याने दरबारातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहिलं. त्यामुळे त्याची वाक्यं मधल्या टोपलीत, म्हणजे पक्की नाहीत, पण बादही नाहीत.

मग तारीख. "एकदा राजा म्हणाला" असं असेल तर संशय धरायचा. आणि शेवटी हे पाहायचं की वाक्य कोणाच्या सोयीचं आहे. शंभर वर्षांनी उगवलेलं आणि एखाद्या पक्षाच्या कामाचं वाक्य जवळपास नेहमीच घडवलेलं निघतं.

या चाळणीतून: "रिकामी जागा भरली की मी शंभर नाराज आणि एक कृतघ्न निर्माण करतो" हे व्हॉल्तेअरकडून आलेलं, मधल्या टोपलीत. रामिय्यीच्या पराभवानंतर (२३ मे १७०६) म्हाताऱ्या सेनापती व्हिलरुआला म्हटलेलं "आपल्या वयात नशीब साथ देत नाही" हेही तिथेच. "मी देवासाठी इतकं केलं ते देव विसरला की काय?" याला समकालीन आधार नाही, ते बाद.

पानगळ

"आता पिरनीज पर्वत (फ्रान्स आणि स्पेनच्या मधला) उरला नाही" कुठल्या टोपलीत?

खडूफळा

@पानगळ, बाद. १६ नोव्हेंबर १७०० ला लुईने नातवाला, आंजूच्या ड्यूकला, स्पेनचा राजा म्हणून दरबारासमोर आणलं. दाँजोच्या डायरीत त्या दिवशी पिरनीजचं वाक्य आहे, पण ते स्पेनच्या राजदूताच्या तोंडी: प्रवास आता सोपा झाला, पिरनीज वितळला. व्हॉल्तेअरने ते घासूनपुसून लुईला दिलं.

निळावंती

"मला जवळजवळ थांबावं लागलं असतं" हेही बाद करा. गाडी यायला क्षणभर उशीर झाला म्हणून तो असं म्हणाला, ही गोष्ट त्याच्या माहीत असलेल्या वागण्याशी जुळत नाही. सँ-सिमाँसारखा टीकाकारही लिहितो की राजा कोणत्याही स्त्रीसमोर, ओळखीची मोलकरीण असली तरी, टोपी उचलल्याशिवाय जात नसे, आणि आवाज चढवणं फार विरळा.

सँ-सिमाँकडची दोन बारकी वाक्यं मात्र मला सगळ्यांत खरी वाटतात. अर्जदाराला ठरलेलं उत्तर: "मी पाहीन." आणि दरबारात न येणाऱ्या सरदारासाठी कोणी काही मागितलं तर: "हा माणूस मला कधी दिसत नाही." या दुसऱ्या वाक्याने घराण्यांची घराणी व्हर्सायच्या राजवाड्यात येऊन राहिली. नेमणूक, पेन्शन, मुलाला रेजिमेंट, सगळं राजाच्या नजरेला पडण्यावर.

सायंतारा

त्या नजरेला पडायचं म्हणजे नक्की कुठे उभं राहायचं, ते सांगते. दरबार ६ मे १६८२ ला व्हर्सायला कायमचा हलला.

सकाळी आठच्या सुमारास, राजाच्याच खोलीत झोपलेला पहिला खासनोकर त्याला उठवी. मुख्य वैद्य आणि शल्यवैद्य लगेच आत. सव्वाआठला प्रमुख चेंबरलेन पलंगाचा पडदा उघडून तीर्थजल पुढे करी. मग टप्प्याटप्प्याने लोक आत सोडले जात आणि कोण कितव्या टप्प्यात, यावर माणसाची किंमत ठरे. दाढी एक दिवसाआड. सदऱ्याची उजवी बाही खासनोकराने धरायची, डावी वस्त्रागाराच्या नोकराने, आणि सदरा हातात द्यायचा मान हजर असलेल्यांतल्या सर्वांत वरच्या राजपुत्राचा. शेवटी खोलीत शंभरेक माणसं असत.

दहाला चॅपेलकडे जाताना आरसेमहालातून मिरवणूक निघे. अर्ज हातात द्यायची किंवा कानावर घालायची संधी म्हणजे ही ७३ मीटर लांबी. एका बाजूला १७ खिडक्या, समोर ३५७ आरसे. "मी पाहीन" बहुतेक वेळा इथेच मिळे. अकराला मंत्रिमंडळ, एकला जेवण, दुपारी शिकार किंवा बाग, रात्री दहाला सगळ्यांसमोर जेवण, साडेअकराला झोपण्याचा विधी. पंचांग आणि घड्याळ जवळ असेल तर तीनशे कोसांवरून सांगता येईल की राजा आत्ता काय करतोय, असं सँ-सिमाँने लिहिलंय ते यामुळेच.

वाटसरू_७

आणि तो आयुष्यात दोन-तीनदाच आंघोळ करायचा हे खरं का? सगळीकडे फिरतंय.

सायंतारा

नाही. सीन नदीत पोहायला जायचा, आणि व्हर्सायला तळमजल्यावर संगमरवरी स्नानगृहाचा मोठा दालनसंच होता. पाण्याने रंध्रं उघडून रोग आत शिरतो असं त्या काळचे डॉक्टर मानत, म्हणून रोजची स्वच्छता म्हणजे मद्यार्कात भिजवलेल्या कापडाने अंग पुसणं आणि दिवसातून अनेकदा सदरे बदलणं. पाण्याने नाहणं कमी होतं, पण दोन-तीनदा हा आकडा कुठल्याच नोंदीत नाही.

लोहारवाडा

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. अनियंत्रित सत्ता कुठे अडते हे व्हर्सायच्या कारंज्यांइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

व्हर्साय उंचावर, नदी लांब. तळी खोदली, पवनचक्क्या लावल्या, पुरेना. मग १६८१ ते १६८४ मध्ये सीनवर मार्लीचं यंत्र बसवलं. लिएजचा आर्नोल द व्हिल प्रवर्तक, रेनकँ स्युआलेम कारागीर. नदीत १४ पाणचाकं, प्रत्येकाचा व्यास जवळपास १२ मीटर. पाणी एका दमात दीडशे मीटरच्या वर चढवायचं तर तेव्हाचे नळ आणि सांधे दाबाने फुटले असते, म्हणून तीन टप्पे: नदीपासून पहिल्या टाकीत, तिथून दुसऱ्या, तिथून वरच्या जलसेतूत. मधल्या टप्प्यांवर पंप चालवायला शक्ती कुठून? तीही खालच्या चाकांचीच. लाकडी-लोखंडी दांड्यांच्या लांबच लांब साखळ्या डोंगरउतारावर पुढे-मागे हलत आणि वरचे पंप ओढत. एकूण दोनशेवर पंप.

बिघडायचं ते इथेच. प्रत्येक सांध्यात थोडी शक्ती घर्षणात जाई, त्यामुळे नदीतली बरीचशी ताकद वर पोचतच नसे. पंपातले चामड्याचे वायसर झिजत, दांड्या तुटत, आणि दुरुस्तीला कामगारांची कायमची फौज लागे. आवाज एवढा की आसपास राहणारे हैराण.

एवढं करूनही सगळी कारंजी एकाच वेळी चालवता येत नव्हती. म्हणून बागेत माणसं पेरलेली. राजा वळणावर दिसला की एकाने शिटी द्यायची, पुढच्याने चावी उघडायची, राजा पुढे गेला की मागची बंद. १६८५ मध्ये अर नदीचं पाणी आणायला मँतनोपाशी जलसेतूचं काम काढलं, हजारो सैनिक कामाला लावले, त्यांतले कित्येक तापाने मेले. १६८८ मध्ये युद्ध सुरू झालं आणि सैनिक सीमेवर गेले. अर्धवट कमानी अजून उभ्या आहेत.

दौत-टाक

लोहारवाडा, हे अवांतर अजिबात नाही, तिसऱ्या प्रश्नाचंच उत्तर आहे. शिटीची ही व्यवस्था कळली की राजाने स्वतः लिहिलेलं बागदर्शनाचं टिपणही वेगळं दिसतं. १६८९ पासून त्याने त्याच्या अनेक आवृत्त्या केल्या. क्रमवार हुकूम: संगमरवरी चौकातल्या दालनातून बाहेर पडून गच्चीवर जा, पायऱ्यांच्या माथ्यावर थांबा आणि वाफे, पाणी, कारंजी यांची मांडणी पाहा, मग अमुक बाजूला वळा, तिथे क्षणभर थांबा. त्याचे निर्विवाद स्वतःचे शब्द हवे असतील तर हे घ्या. ऐट नाही, अलंकार नाही, फक्त कुठे थांबायचं आणि काय पाहायचं.

आडवाट

सत्ता कशी चालायची, तर वरच्या मंत्रिमंडळातून. त्यात एका वेळी तीन ते पाच माणसं. राजाची आई नाही, भाऊ नाही, राजघराण्यातले सरदार नाहीत. कोल्बेर, ल तेलिये, लिओन, पुढे लुव्वा. सगळ्यांची पत राजावर अवलंबून. मंत्रिपदाचं नेमणूकपत्र नसे. हुजऱ्या बोलवायला आला म्हणजे तुम्ही मंत्री, यायचा थांबला म्हणजे गेलात. तरीही ५४ वर्षांत जेमतेम दीड डझन मंत्री झाले, कारण लुई माणसं सहसा बदलत नसे. प्रांतांत त्याचे डोळे म्हणजे अँताँदाँ, करवसुली आणि न्यायावर देखरेख करणारे.

पार्लमाँचा काटा त्याने १६७३ मध्ये काढला: आधी फतवा नोंदवा, हरकत नंतर पाठवा. हरकतीचा हक्क कागदावर राहिला, धार गेली.

आणि अडायची कुठे? पैशात. मुख्य कर ताय, तो सरदार आणि धर्मगुरू बहुतांशी भरत नसत. सगळ्यांना लागू होईल असा डोईकर आणायला १६९५ उजाडलं, उत्पन्नाचा दहावा हिस्सा मागायला १७१०. दोन्ही युद्धाने गळा आवळल्यावर, आणि दोन्हींतून वजनदार लोक सुटले. धर्मगुरूंनी तर ठोक रक्कम देऊन सूट विकत घेतली. मिठाचा कर एका प्रांतात जबर तर शेजारच्यात नाहीच. हे एकसारखं करणं त्याला आयुष्यभर जमलं नाही.

मुक्तछंद

इथवर वाचलं, आणि मला ठाम विरोध नोंदवायचा आहे. "वाक्य त्याचं नाही" हे सिद्ध करता करता आपण त्याला जबाबदार कारकून करून ठेवतोय.

अर्थखात्याचा प्रमुख फुके घ्या. १७ ऑगस्ट १६६१ ला त्याने व्हो-ल-व्हिकाँतला राजाला मेजवानी दिली, ५ सप्टेंबरला नाँतमध्ये दार्तान्याने त्याला अटक केली. खटला तीन वर्षं चालला. न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली. राजाने ती वाढवून जन्मठेप केली! राजाने शिक्षा कमी करणं समजतं. इथे उलटं झालं. तो १६८० मध्ये पिन्येरोलच्या किल्ल्यात मेला.

ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, घ्या. १६८१ पासून प्रॉटेस्टंट घरांत घोडदळाचे सैनिक राहायला घातले. ते घर उद्ध्वस्त करेपर्यंत किंवा कुटुंब धर्म बदलेपर्यंत हलायचे नाहीत. ऑक्टोबर १६८५ मध्ये त्यांना धर्मपालनाची मुभा देणारा नाँतचा फतवाच रद्द केला. देश सोडायला बंदी, पकडला गेला तर पुरुषाला जहाजावर वल्हं मारायची शिक्षा. तरी सुमारे दोन लाख लोक गेले, विणकर, घड्याळजी, अधिकारी, बर्लिनला, लंडनला, हॉलंडला.

आणि १६९३-९४ चा दुष्काळ, सुमारे १३ लाख जास्तीचे मृत्यू, दोन कोटींच्या देशात. पीक बुडलं ते पावसाने, पण धान्याची वाहतूक आणि कर दोन्ही युद्धाला जुंपलेले होते. हे सगळं "राज्य म्हणजे मी" न म्हणताही झालं. मग ते वाक्य खोटं असून फरक काय पडला?

निळावंती

मुक्तछंद, एकही तपशील नाकारत नाही. पण फरक पडतो. ते वाक्य धरलं तर हे सगळं एका उर्मट माणसाचा अहंकार ठरतं. खरे कागद वाचले तर दिसतं की हा माणूस रोज तासन्‌तास बसून, राज्याचं भलं समोर ठेवून, धर्म एक असला तर राज्य मजबूत होईल अशा खात्रीने हे करत होता. मला तरी हे जास्त भयंकर वाटतं.

मुक्तछंद

हे असं मांडलंत तर मान्य. मग १६८५ चा फतवा आणि १६७९ चं टिपण शेजारी शेजारी ठेवून शिकवा.

वैद्यबुवा

आजारपणाचा भाग कोणी घेतला नाही म्हणून. वालो, दाकँ आणि फागाँ या मुख्य वैद्यांनी १७११ पर्यंत त्याच्या तब्येतीची वही ठेवली होती, त्यामुळे तपशील भरपूर.

१६८५ च्या सुमारास वरचे दात उपटताना टाळूचा तुकडा निघाला आणि प्यायलेलं नाकातून येऊ लागलं. उपाय म्हणून भोक तापल्या लोखंडाने अनेकदा डागलं. १६८६ मध्ये भगंदर. मलमं, पोटिसं, गरम झऱ्यांचं पाणी, काही लागू पडेना. शल्यवैद्य फेलिक्सने इस्पितळातल्या गरीब रुग्णांवर महिनोन्‌महिने हात बसवला आणि वक्र, लांब टोकाचं खास हत्यार करवून घेतलं: टोक नाळीतून आत घालून पलीकडून बाहेर काढायचं आणि मधलं मांस एका ओढीत चिरायचं. १८ नोव्हेंबर १६८६ ला सकाळी, भूल नाही, खोलीत राजाची दुसरी पत्नी माँतनो, मंत्री लुव्वा, कबुलीगुरू ला शेझ आणि वैद्य. त्याच दिवशी संध्याकाळी राजाने मंत्र्यांना बोलावलं. जखम तळापासून भरेना, वरून मिटत होती, म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा कापावं लागलं. भगंदरात आजही हाच धोका असतो. यातून शल्यवैद्यांची पत न्हाव्यांच्या पंगतीतून वर आली.

ऑगस्ट १७१५ मध्ये डावा पाय दुखू लागला. फागाँने सायटिका म्हणून गाढविणीचं दूध दिलं. काळे डाग दिसले तेव्हा गँगरीन वर सरकलं होतं. १ सप्टेंबरला सकाळी सव्वाआठला गेला, ७७ ला चार दिवस कमी.

गडवाट

या काळाचा आपल्याकडचा धागा: लुई आणि शिवाजी महाराज समकालीन. कोल्बेरने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी काढली, १६६८ मध्ये सुरतेला वखार पडली. कोल्बेरच्याच कामगिरीवर आलेला आबे कारे पश्चिम किनाऱ्यावर फिरला; त्याने महाराजांविषयी कौतुकाने लिहिलंय. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक, त्याच वर्षी पाँडिचेरीत फ्रँस्वा मार्तँ ठाण मांडतो. १६७७ ला महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा मार्तँने जर्मँ नावाचा माणूस भेटवस्तू घेऊन पाठवला आणि तटस्थ राहण्याच्या बोलीवर पाँडिचेरी सुरक्षित ठेवली. मार्तँच्या आठवणी त्या मोहिमेसाठी महत्त्वाच्या.

शिवाय फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हर्निये. गोवळकोंड्याकडून नेलेला निळा हिरा त्याने लुईला विकला, १६७३ मध्ये जवाहिऱ्या पितोने तो पुन्हा पैलू पाडून लहान केला. १७९२ मध्ये चोरीला गेला. आजचा होप हिरा त्यातूनच निघालेला.

पानगळ

शाळेच्या तक्त्यावर एकच वाक्य लिहायचं असेल तर कोणतं लिहावं? मुलांना आठवायला हवं, आणि खरंही असावं.

खडूफळा

@पानगळ, २६ ऑगस्ट १७१५. त्या दिवशी त्याने पलंगाशी दरबाऱ्यांना बोलावलं आणि म्हणाला: "मी जातो, पण राज्य कायम राहील." खोलीत अनेक जण होते, त्यामुळे दाँजो आहे आणि खासगीतले अँत्वान बंधूही आहेत, शब्दांत थोडा फरक. त्याच दिवशी पाच वर्षांच्या पणतवाला सांगितलं: "बांधकामांच्या आणि युद्धाच्या आवडीत माझं अनुकरण करू नकोस, प्रजेचा भार हलका कर, जे मला दुर्दैवाने जमलं नाही." रडणाऱ्या नोकरांना: "रडता का? मी अमर आहे असं वाटलं होतं का?"

तक्त्यावर वाक्याखाली तारीख आणि नोंद करणाऱ्याचं नाव जरूर लिहा. आणि शेजारी "आमच्यानंतर प्रलय" लिहू नका. ते पंधराव्या लुईच्या काळातलं, बहुतेकदा त्याची प्रेयसी पाँपादूर हिच्या नावावर, १७५७ च्या रोसबाखच्या पराभवानंतरचं.

चावडीकर

मोठ्या मुलांच्या वर्गासाठी १२ जून १७०९ चं पत्रही घ्या. त्या जानेवारीच्या थंडीत नद्या गोठल्या, पेरलेला गहू मेला, तिजोरी रिकामी. स्पेनच्या गादीवरून चाललेल्या युद्धात तह मागितला तर शत्रूंची अट: नातवाला स्पेनच्या गादीवरून उतरवायला तुम्हीच मदत करा. लुईने नकार दिला आणि कारण प्रांताधिपतींमार्फत थेट प्रजेला कळवलं. मसुदा परराष्ट्रमंत्री तोर्सीचा, सही राजाची. आशय: प्रजेवर माझं प्रेम पोटच्या मुलांइतकं आहे, पण न्यायाला आणि फ्रेंच नावाच्या अब्रूला बट्टा लावणारा तह तुम्हालाही नको असेल. ज्याला कोणाला जाब द्यायचा नव्हता त्याने रयतेला कारण सांगितलं, याहून बोलका कागद त्याच्या कारकिर्दीत दुसरा नाही. सप्टेंबरमध्ये मालप्लाकेला फ्रेंच सैन्य हरलं, पण शत्रूचं नुकसान त्याहून जास्त झालं आणि पॅरिसचा रस्ता उघडला नाही.

आडवाट

पहिल्या प्रश्नाचा एक धागा राहिला होता, पार्लमाँचं पुढे काय झालं. लुईने १७१४ मध्ये मृत्युपत्र करून पार्लमाँकडेच ठेवायला दिलं. न्यायालयाच्या मनोऱ्यातल्या भिंतीत कोनाडा खोदून, लोखंडी दार लावून, तीन किल्ल्या तीन अधिकाऱ्यांकडे. त्यात पुतण्या ओर्लेआँच्या ड्यूकचे हात बांधलेले होते आणि अनौरस मुलगा मेनच्या ड्यूकला बाळराजाचं पालकत्व. राजा १ सप्टेंबरला गेला. २ सप्टेंबरला पार्लमाँने मृत्युपत्र वाचलं आणि ओर्लेआँला पूर्ण अधिकार देऊन ते मोडीत काढलं. बदल्यात ओर्लेआँने १६७३ मध्ये गेलेला आधी हरकत घेण्याचा हक्क परत दिला. पुढे १७८८ पर्यंत याच हक्कावरून पार्लमाँ आणि राजे भांडत राहिले, म्हणून राज्यक्रांतीच्या प्रकरणाची सुरुवात करायचीच असेल तर १६५५ पेक्षा २ सप्टेंबर १७१५ पासून करावी.

दौत-टाक

आडवाट, खडूफळा, निळावंती, मुक्तछंद आणि सगळ्यांचे आभार. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. अँताँदाँच्या कामावर स्वतंत्र धागा काढतो. आडवाट, मिठाच्या कराचा भाग तिथे सविस्तर लिहावा ही विनंती.